रोस्ट पोर्कसोबत गरम मसालेदार सफरचंदे : फोडी न मोडता कशी शिजवावीत? (सल्ला हवा आहे)

ट्रेंटकाठचा

नमस्कार मंडळी.

येत्या रविवारी दुपारी आमच्याकडे आठ माणसे जेवायला असून त्यांतील चौघे आमचे इंग्रज शेजारी आहेत. गेली सहा वर्षे ते आम्हांला वर्षातून दोन-तीनदा रविवारच्या रोस्टला बोलावतात आणि आम्ही दर वेळी बिर्याणी किंवा कोंबडीवडे खिलवून परतफेड करतो. या खेपेस मात्र त्यांच्याच पद्धतीचे जेवण आपल्या टेबलावर वाढायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. पोर्कचा कमरेकडचा, कातडीसह असलेला सुमारे 2 किलोचा तुकडा खाटकाकडे सांगून ठेवला आहे. मांस भाजण्याची मला फारशी धास्ती नाही, कारण ते मी पूर्वी दोनदा केलेले आहे. अडचण आहे ती त्यासोबतच्या सफरचंदांची.

बाटलीतला अ‍ॅपल सॉस वाढायचा नाही, हे पक्के आहे. शेजारीणबाई सफरचंदाच्या फोडी लोण्यात परतून, दालचिनी-लवंगेचा वास लावून गरमच वाढतात. त्या फोडी बाहेरून तांबूस, आतून मऊ आणि तरीही अखंड असतात. त्यांच्या बहिणीचे साउथवेलला ब्रॅम्लीचे झाड आहे आणि तिथली पिशवीभर सफरचंदे त्यांनी आम्हांला दिली होती, म्हणून गेल्या आठवड्यात रंगीत तालीम करून पाहिली. लोणी, तपकिरी साखर, दालचिनीची पूड घातली, झाकण ठेवले आणि दहा मिनिटांनी उघडून पाहतो तो आत चक्क लगदा. चवही अशी गोडमिट्ट की आमच्या चिरंजीवांनी त्यावर आइस्क्रीम मागितले.

तेव्हा सफरचंद कोणते घ्यावे, मसाला कोणता आणि किती घालावा, हे आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, आणि पाहुण्यांपैकी एक मुलगी शाकाहारी असल्यामुळे तिलाही खाता येईल असे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पाकसिद्धा

दोष तुमच्या हाताचा नाही, ब्रॅम्लीचा तो स्वभावच आहे. साउथवेलमध्ये 1809 साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलेल्या बियांतून हे झाड उगवले आणि पुढे त्या घराचा मालक झालेल्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचे नाव त्याला मिळाले. पोर्कसोबत खायच्या सफरचंदाला खाटकाचेच नाव असावे, हा योग मला फार आवडतो. हे फळ अतिशय आंबट असते आणि शिजताच त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटून कापसासारखा हलका गर होतो. इंग्रजांना सॉससाठी नेमके तेच हवे असते, म्हणून ते ब्रॅम्लीला शिजवायचे सफरचंद म्हणतात आणि कच्चे खाण्याच्या सफरचंदांपासून वेगळे ठेवतात. फोडी हव्या असतील, तर खाण्याचे सफरचंद घ्यावे.

तुमच्याकडे या दिवसांत कॉक्स सहज मिळेल. ते सर्वांत उत्तम, कारण त्याला स्वतःचा सुगंध आहे, आंबटपणा बेताचा आहे आणि फोड शाबूत राहते. ते न मिळाल्यास ब्रेबर्न घ्यावे. ग्रॅनी स्मिथही चालते, परंतु त्यात आंबटपणा भरपूर असून सुवास बेताचाच असतो. गोल्डन डिलिशियसला नाके मुरडणारे बरेच भेटतात, पण लोण्यात परतायला ते मुळीच वाईट नाही. फक्त त्याला वरून आंबट लागते. गाला मात्र शिजल्यावर अगदीच मवाळ लागते. लाल डिलिशियसच्या वाटेला जाऊ नये.

शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेली ब्रॅम्ली वाया घालवण्याचे मात्र कारण नाही. पाच-सहा कॉक्सच्या फोडींमध्ये एका ब्रॅम्लीचा कीस घालावा. तो कीस विरघळून फोडींभोवती दाट, आंबट रस धरतो आणि मग वेगळे पाणी, पीठ वा जादा साखर काहीच घालावे लागत नाही. माझ्या बावीस वर्षांच्या इंग्लंडमधल्या वास्तव्यात शिकलेल्या युक्त्यांपैकी ही मला सर्वांत उपयोगी पडली आहे.

दुसरी चूक झाकणाची. झाकणाखाली सफरचंद वाफेवर शिजते, परतले जात नाही.

वसईवाली

पाकसिद्धाताईंनी फळाचे सांगितलेच आहे. मी चवीचे सांगते.

आमच्या घरी नाताळात पोर्कचे इंदयाल हे कालवण होते आणि त्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, सढळ हाताने पडतो. गोव्यात विंदालू आणि सोरपोतेल हे पोर्कचे पदार्थ माडाच्या सिरक्यावाचून होत नाहीत, कोडगूकडे पंदी करीत, म्हणजे पोर्कच्या रश्शात, कचमपुळी हा काळा, दाट आंबट अर्क घालतात, नागालँडमध्ये आंबवलेले बांबूचे कोंब घालतात. पोर्क जिथे जिथे आवडीने खाल्ले जाते, तिथे त्याच्या चरबीला उतारा म्हणून काहीतरी आंबट असते, आणि इंग्लंडमध्ये ते काम सफरचंद करते. शिवाय तिकडे सफरचंदे उतरवण्याचा आणि पूर्वी डुकरे कापण्याचा हंगाम एकाला एक लागून, शरद ऋतूतच येत असे. तेव्हा तुमचे सफरचंद आंबट असले पाहिजे आणि नंतर गोड. चिरंजीवांनी आइस्क्रीम मागितले, यातच सगळे आले: तुमच्याकडून तोंडीलावण्याऐवजी पायचे सारण झाले.

साखर निम्म्याने कमी करा. आठ माणसांसाठी एक किलो सफरचंदे धरली तर दीड टेबलचमचा तपकिरी साखर पुरे. मीठ अर्धा चहाचा चमचा तरी घालाच. सफरचंदात मीठ घालताना हात कचरतो, पण त्यावाचून ते जेवणात मिसळत नाही. काळी मिरी ताजी कुटून घाला. उतरवताना एक टेबलचमचा सफरचंदाचा सिरका सोडा आणि चव घेऊन पाहा. नुसती फोड खाल्ल्यावर ती किंचित जास्त आंबट वाटली, तर मांसाबरोबर ती बरोबर लागेल.

ट्रेंटकाठचा

दोघींचे मनःपूर्वक आभार. कॉक्स आजच आणून ठेवतो. साखर मी चार टेबलचमचे घातली होती, हे आता सांगायलाही संकोच वाटतो. मसाल्याबद्दल कोणी सांगेल का? येथे मिक्स्ड स्पाइस नावाची तयार पूड मिळते, ती वापरावी की घरातला गरम मसाला?

जायपत्री

घरातला गरम मसाला नको, कारण त्यातले जिरे आणि धणे सफरचंदाला उसळीच्या वाटेवर नेतात. मिक्स्ड स्पाइसमध्ये साधारणपणे दालचिनी, जायफळ आणि ऑलस्पाइस असते, बहुधा लवंग, सुंठ आणि थोडे धणेही असतात; पण ती केक आणि पुडिंगसाठी बेतलेली पूड असल्यामुळे तिचा वास येताच खाणाऱ्याच्या मनात नाताळचा केक उभा राहतो. शिवाय कोणतीही पूड लोण्यात तळाशी बसून करपते व कडवट होते. म्हणून अख्खा मसाला वापरावा.

एक किलो सफरचंदांना बोटभर लांबीची एक दालचिनी आणि दोन लवंगा पुरतात. तिसरी लवंग घालण्याचा मोह आवरावा, कारण लवंगेतले युजेनॉल हे द्रव्य तोंड बधिर करते आणि मग मांसाची चवच लागत नाही. दालचिनी दोन प्रकारची मिळते: श्रीलंकेची पातळ, कागदासारख्या अनेक पदरांची आणि सौम्य, तर चीन व व्हिएतनामकडची कॅसिया जाड, एकाच पदराची आणि उग्र. कॅसिया असेल तर अर्धाच तुकडा घ्या. जायफळ शेवटी, आच बंद केल्यावर, किसणीवर पाच-सहा वेळा ओढावे. आमच्या सिंधुदुर्गातल्या बागेत नारळी-पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडे आहेत, त्यामुळे मी पक्षपाती आहे. तरीही सांगते की जायफळापेक्षा जायपत्रीचे एक पान या पदार्थात अधिक शोभते, कारण तिचा वास हलका आणि कमी गोड असतो. ऑलस्पाइसचे दोन-तीन दाणे मिळाले तर ठेचून घालावेत. त्याच्या नावावरून ते मिश्रण वाटते, परंतु ते जमैकाकडच्या एकाच झाडाचे वाळवलेले फळ आहे आणि ते झाड लवंगेच्याच कुळातले आहे. म्हणून ते घातले तर एक लवंग कमी करावी.

आणि सेज या सुगंधी पाल्याची चार पाने. पोर्क, सफरचंद आणि सेज हे इंग्रजी स्वयंपाकघरातले जुने त्रिकूट आहे. पाने लोण्यात आधी कुरकुरीत तळून बाजूला काढावीत आणि वाढताना वर चुरावीत. गोडाकडे झुकलेला पदार्थ त्या चार पानांनी पुन्हा जेवणाच्या ताटात येतो.

राजापूरकर

माझे मत जरा निराळे आहे. आपल्याकडे कैरीचा मेथांबा असतो, त्याच चालीवर सफरचंदाचा का करू नये? तेलात मोहरी, सात-आठ मेथीदाणे, हिंग, हळद, लाल तिखट, मग ग्रॅनी स्मिथच्या फोडी, थोडे मीठ आणि शेवटी गूळ. आंबट, गोड, तिखट आणि कडू अशा चारही चवी त्यात येतात. मी पोर्क खात नाही, त्यामुळे जोडी कशी जमेल ते सांगू शकत नाही; पण हा मेथांबा मी दरवर्षी करतो आणि तो आठवडाभर टिकतो.

वसईवाली

राजापूरकर, मेथीचा कडवटपणा चरबीला छान कापेल, यात मला शंका नाही. मात्र रविवारच्या त्या ताटात ग्रेव्ही असणार आहे, भाजलेले बटाटे असणार आहेत, आणि हिंग-हळदीची फोडणी ग्रेव्हीत मिसळली की दोन्हींचा विचका होईल. दुसऱ्या दिवशी थंड पोर्कच्या सँडविचमध्ये मात्र तुमचा मेथांबा मी स्वतः आवडीने खाईन.

कोपनहेगनची

डेन्मार्कमधली पद्धत सांगते, कारण आदल्या दिवशी करून ठेवण्याचा प्रश्न तिच्यामुळे सुटतो. इथे नाताळच्या आदल्या रात्रीच्या फ्लेस्केस्टेगसोबत, म्हणजे कुरकुरीत कातडीच्या पोर्कसोबत, सफरचंदाचे अर्धे भाग पाकात अलगद उकळून ठेवतात आणि वाढताना मधल्या खळग्यात लाल करंट या छोट्या आंबट फळांची जेली भरतात. हे अर्धे भाग पाकासह शीतकपाटात दोन दिवस सहज राहतात. पाकातल्या साखरेमुळे फोड घट्ट राहते, नुसत्या पाण्यात उकळली तर ती लवकर फुटते. पाकात मी दालचिनी आणि लिंबाची साल घालते. जेवणाआधी हे तुकडे पाकातून काढून, बाजू कोरडी करून, लोण्यात फक्त तांबूस करावेत. आठ माणसांना चार मोठी सफरचंदे पुरतात.

परतलेल्या फोडींची सर त्याला येत नाही, हे मान्य करते. पण यजमानाची धावपळ वाचते.

बाणेरकर

धाग्याचा विषय थोडा माझ्याकडे वळवतो, त्याबद्दल क्षमस्व. पुण्यात कॉक्स आणि ब्रेबर्न कुठून आणायचे? फळवाल्याकडे हिमाचलचे रॉयल, काश्मीरचे लाल डिलिशियस आणि परदेशी हिरवे ग्रॅनी स्मिथ एवढेच दिसते.

पाकसिद्धा

बाणेरकर, हिरवे ग्रॅनी स्मिथ घ्या आणि साखर अर्धा चमचा वाढवा. हंगामात हिमाचलचे पिवळे गोल्डन मिळाले तर निम्मे-निम्मे करा, म्हणजे आंबटपणा आणि गोडवा दोन्ही जुळतील. रॉयल जुने झाले की पिठूळ होते आणि शिजवल्यावर चव उरत नाही. जे मिळेल ते फळ मऊ पडते आहे असे वाटल्यास फोडी आधी 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवाव्यात आणि पुसून कोरड्या कराव्यात. त्या तापमानाला फळातले एक विकर जागे होते आणि पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला असे बदलते की नंतर उकळत्या तापमानालाही ते लवकर विरघळत नाही. हात बुडवला तर पोळेल इतके ते पाणी गरम असते.

आता ट्रेंटकाठच्यांसाठी वेळापत्रक, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे आणि परतलेल्या फोडी आदल्या दिवशी करण्याची तुम्हांला गरजच नाही.

पोर्कची कातडी आदल्या रात्री शीतकपाटात उघडी ठेवून कोरडी करा. रविवारी कातडीला मीठ चोळून ओव्हन 220 अंशांवर तापवा, तिथे पहिली 25 ते 30 मिनिटे भाजा आणि मग 180 अंशांवर आणा. घड्याळापेक्षा तापमापीवर विसंबावे: ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या सांगण्याप्रमाणे मांसाच्या मध्यभागी 70 अंश तापमान दोन मिनिटे राहायला हवे. मांस बाहेर काढल्यावर ते 20 ते 30 मिनिटे तसेच, झाकण न घालता विसावू द्यायचे असते. ही तुमची सफरचंदांची वेळ. त्या अर्ध्या तासात ओव्हनमध्ये बटाटे तांबूस होत असतात, शेगडी मोकळी असते, आणि फोडी करायला एकूण बारा-पंधरा मिनिटे पुरतात.

सफरचंदे मांसाच्याच ट्रेमध्ये, भोवती रचून भाजण्याचा सल्ला तुम्हांला कोणी ना कोणी देईल. ऐकू नये. सफरचंदांतून सुटलेल्या पाण्याची वाफ कातडीला कुरकुरीत होऊ देत नाही, आणि सफरचंदे चरबीत पोहून तेलकट होतात. शिवाय तुमच्या शाकाहारी पाहुणीला ती चालणार नाहीत.

कॉक्सच्या साली काढाव्यात की ठेवाव्यात, हा आवडीचा भाग आहे. मी ठेवते, कारण साल फोडीला धरून ठेवते. एका सफरचंदाच्या आठ फोडी कराव्यात, त्याहून बारीक नकोत. चिरून ठेवल्यावर त्या काळ्या पडतात म्हणून घाबरू नये, तव्यात त्या तशाही तांबूस व्हायच्या आहेत. सर्वांत रुंद पसरट तवा घ्यावा आणि दोन घाणे करावेत. प्रत्येक घाण्याला एक टेबलचमचा लोणी आणि एक चहाचा चमचा तूप घ्यावे: नुसते लोणी त्या आचेवर करपते आणि नुसत्या तुपाला भाजलेल्या लोण्याचा तो खमंग वास येत नाही. त्यात सेजची पाने तळून काढावीत, अख्खा मसाला टाकावा आणि फोडी एका थरात मांडाव्यात. मग तीन मिनिटे हात आवरावा, ढवळू नये. खालची बाजू तांबूस झाली की एकेक उलटून आणखी दोन मिनिटे ठेवावे. दुसरा घाणा झाला की सगळ्या फोडी एकत्र करून साखर, मीठ आणि ब्रॅम्लीचा कीस घालावा, अर्धी वाटी साइडर ओतावी आणि तवा हलवत रस दाट होईपर्यंत तीन-चार मिनिटे ठेवावे. शेवटी सिरका आणि जायफळ. दालचिनी, लवंगा मोजून बाहेर काढाव्यात.

साइडरबद्दल एक खुलासा. इंग्लंडमध्ये साइडर म्हणजे सफरचंदाचे मद्य, तर अमेरिकेत नुसत्या साइडरचा अर्थ बहुधा न गाळलेला रस असा होतो. अमेरिकी कृतीतला शब्द वाचून गोंधळू नये. मुलांसाठी वा मद्य न घेणाऱ्यांसाठी गढूळ दिसणारा, साखर न घातलेला सफरचंदाचा रस वापरावा आणि सिरका अर्धा चमचा वाढवावा.

कोलोनकर

मसाल्याच्या चर्चेत न पडता एक पुस्ती जोडतो. शाकाहारी पाहुणीला नुसत्या फोडी वाढल्या तर ते तोंडीलावणेच राहील. आमच्या ऱ्हाइनकाठी ‘आकाश आणि पृथ्वी’ या अर्थाच्या नावाचा पदार्थ करतात: आकाशातले सफरचंद आणि जमिनीतला बटाटा. कुस्करलेले बटाटे, वर शिजवलेली सफरचंदे आणि भरपूर तळलेला कांदा. इथले लोक सोबत रक्ताचे सॉसेज घेतात, पण ते वगळले तरी ताट पुरे होते. तुमच्याकडे बटाटे आणि सफरचंदे असणारच आहेत. दोन कांदे तेवढे तांबूस तळून ठेवा.

ट्रेंटकाठचा

सोमवारी सकाळी लिहीत आहे. वेळापत्रक तंतोतंत पाळले आणि सफरचंदे मांस कापायच्या आधी पाच मिनिटे तयार झाली. कॉक्सच्या फोडी अखंड राहिल्या, मात्र दुसऱ्या घाण्याला माझा धीर सुटला आणि मी दोनदा ढवळले, त्यामुळे सात-आठ फोडी मोडल्या. त्या ब्रॅम्लीच्या किसात मिसळून गेल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. जायपत्री इथे तीन दुकाने पालथी घालूनही मिळाली नाही, म्हणून जायफळावर भागवले. साइडरऐवजी रस वापरला. सिरका घातल्यावर मी चव घेतली तेव्हा तो जास्त झाल्याची भीती वाटली होती, पण वसईवालीताईंनी सांगितल्याप्रमाणे मांसाबरोबर तो मुळीच जास्त वाटला नाही.

शेजारीणबाईंनी दोनदा वाढून घेतले आणि सेजची पाने तळून घालण्याचे त्यांना ठाऊक नव्हते, असे सांगितले. त्या पाने चिरून लोण्यातच सोडतात. कांदा-बटाट्याचे ताट शाकाहारी मुलीपेक्षा आमच्या चिरंजीवांनीच अधिक संपवले, त्याबद्दल कोलोनकरांचे विशेष आभार.

आता अर्धी वाटी फोडी आणि बरेच मांस उरले आहे. फोडी पुन्हा गरम कराव्यात की थंडच खाव्यात?

वसईवाली

थंड खा, पावावर मोहरीची पेस्ट लावून. मायक्रोवेव्हमध्ये घातल्या तर गेल्या आठवड्यातला लगदा परत येईल.